स्प्रिंगबॉकच्या मागे पोटावर सरपटताना

ताशी ८८ किलोमीटर. स्प्रिंगबॉक या दक्षिण आफ्रिकेतल्या हरणाविषयी काहीही वाचायला घ्या, पहिल्या चार ओळींत हा आकडा येतोच. त्यामुळे पहिल्यांदा शिकारीला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: उधळलेला कळप, धुरळा आणि पळत्या जनावरावर फिरवत नेलेली बंदूक. प्रत्यक्षात कारूच्या, म्हणजे तिथल्या कोरड्या पठाराच्या, माळावर शिकाऱ्याला तो वेग दिसतो तो शिकार हातची गेल्यावर. जनावर पळायला लागलं की तो डाव संपला. सगळी मेहनत, सगळी अक्कल आणि सगळा चिवटपणा खर्ची पडतो तो त्याला पळावंसं वाटू नये म्हणून.

जोहान्सबर्गला नोकरीनिमित्त येऊन मला बरीच वर्षं झाली. मूळ गाव सोलापूरच्या बाजूला. इथल्या ऑफिसातल्या एका आफ्रिकानेर (इथल्या डच वंशाच्या गोऱ्यांपैकी) सहकाऱ्याच्या मामाचं कारूत मेंढ्यांचं फार्म आहे, आणि हिवाळा लागला की आमची चार-पाच जणांची टोळी तिकडे जाते. भारतातल्या मित्रांना हे कळलं की त्यांचे दोन गट पडतात. एक गट तोंड वाकडं करतो, दुसरा हळूच विचारतो, "मला नेशील का?" हे लिखाण मुख्यतः त्या दुसऱ्या गटासाठी. पहिल्या गटाने वाचलं तरी हरकत नाही, त्यांचे काही मुद्दे मला पटतात.

जोहान्सबर्गहून एन-वन महामार्ग धरायचा, ब्लूमफॉन्टेन मागे टाकायचं, ऑरेंज नदी ओलांडली की कोल्सबर्ग. सहाशेहून जास्त किलोमीटर होतात. तिथून दक्षिणेला जिकडे बघाल तिकडे कारू. हे वाळवंट नव्हे, पण पाऊस इतका बेताचा की झाड म्हणावं असं झाड पवनचक्कीच्या टाकीजवळच सापडतं. बाकी गुडघ्याएवढी करडी झुडपं, त्यांच्यामधली उघडी लालसर जमीन आणि सपाट माथ्याच्या टेकड्या. त्या टेकड्या पाहून दख्खनी माणसाला उगीचच आपल्या मुलखात आल्यासारखं वाटतं. त्यांच्या माथ्यावरही काळा अग्निजन्य दगडच आहे, फक्त आपल्या दगडापेक्षा अकरा-बारा कोटी वर्षांनी जुना.

शिकारीचा हंगाम हिवाळ्यातला, साधारण मे ते ऑगस्ट. त्यामागे सोय आहे: थंडीत मांस टिकतं, माश्या नसतात, आणि वाळवायला कोरडी हवा मिळते. जून-जुलैत पहाटे पारा शून्याच्या खाली असतो. अंगणातल्या नळाचं पाणी गोठलेलं, झुडपांवर पांढरा थर, आणि बकीच्या (इथे पिकअपला बकी म्हणतात) मागच्या हौद्यात उभं राहिल्यावर वारा कानांना असा झोंबतो की 'आफ्रिका म्हणजे ऊन' ही समजूत पहिल्या पाच मिनिटांत गळून पडते. सामानाच्या यादीत बंदुकीच्या आधी हातमोजे, कानटोपी आणि दोन जोड जाड मोजे लिहा.

आपल्याकडच्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो कायद्याचा. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट मारणं म्हणजे सरळ तुरुंग झाला. ज्वारीच्या शेताची नासाडी झाली तरी शेतकऱ्याने हात चोळत बसायचं आणि पंचनाम्याची वाट बघायची. दक्षिण आफ्रिकेत रीत उलटी. १९९१ च्या गेम थेफ्ट कायद्याप्रमाणे पुरेसं कुंपण असल्याचा दाखला ज्या जमिनीला आहे, तिथल्या वन्य जनावरांवर जमीनमालकाची मालकी राहते, मग जनावर त्या कुंपणातून निसटलं तरी. रानातल्या हरणाला मालक असतो ही कल्पनाच आपल्याला पचत नाही. पण मालकी आली तशी किंमत आली, आणि किंमत आली तशी राखण आली. ज्या माळावर फक्त मेंढ्या होत्या तिथे मेंढ्यांच्या बरोबरीने स्प्रिंगबॉक चरताना दिसतो, कारण मालकाला तो परवडतो. कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळवीट दिसतो, कारण सरकारने त्याच्यासाठी जागा राखली. दोन्ही वाटांनी जनावर जगलं. दोन्हींत खोटही आहे. मालकीच्या वाटेवर बाजार शिरतो. मध्यंतरी काळे, पांढरे, तांबूस असे वेगळ्या रंगांचे स्प्रिंगबॉक पैदा करून अवाच्या सवा भावाने विकण्याचं खूळ इथे आलं होतं. तो फुगा यथावकाश फुटला. आमच्या फार्मचा मालक त्या फंदात पडला नाही, आणि ते तो दरवर्षी जेवताना एकदा तरी सांगतो.

या मालकाला आम्ही सगळे 'ओम' म्हणतो. वयाने मोठ्या पुरुषाला आफ्रिकान्समध्ये ओमच म्हणायचं असतं, आपल्या काकांसारखं. फार्मवरचा माग काढणारा म्हातारा त्याच्याहूनही वयाने मोठा, म्हणून तोही ओम. हाक मारली की दोघेही वळून बघतात.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी ओम सगळ्यांना नेमबाजीला बसवतो. पाहुणा कितीही अनुभवी असो, यातून सुटका नाही. स्वतःची बंदूक नसेल तर फार्मवरची मिळते. परवानाधारक शेजारी उभा असेल तर त्याची बंदूक त्याच्या देखरेखीखाली वापरायला इथला कायदा मुभा देतो. स्प्रिंगबॉकसाठी बहुतेकांच्या हातात टू-फोर-थ्री विंचेस्टर किंवा तिच्याच जातकुळीतली हलकी रायफल असते. मोठ्या बोअरची (जाड गोळीची) बंदूक आणून मांसाचा चिखल करणाऱ्यांना इथे मान नाही.

दोनशे मीटरवर पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला असतो. तो तुम्ही फोडलात की ओम मान हलवतो आणि तीनशेवरचा दाखवतो. मग खरं गणित सुरू होतं. दोनशेला बरोबर लागणारी गोळी तीनशेपर्यंत जाताना जवळपास वीतभर खाली येते. कारूत वारा नाही असा दिवस विरळा. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे चेहऱ्याला फक्त गार लागणारा, तीच गोळी आणखी वीतभर बाजूला नेतो. आणि जनावर किती मोठं? नर भरला तर चाळीस किलोच्या आसपास, मादी त्याहून हलकी. खांद्यापर्यंतची उंची पाऊण मीटर. फुप्फुसं आणि हृदय मिळून ज्या जागी गोळी लागायला हवी ती जागा पसरलेल्या पंजाएवढी. वीतभर चूक म्हणजे एक तर गोळी हवेत, नाही तर पोटात. हवेतली चूक परवडते.

आता पळत्या जनावराचं बोलू, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. तीनशे मीटर अंतर कापायला त्या गोळीला पाव सेकंदाहून जास्त आणि अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. तेवढ्या वेळात पूर्ण वेगातला स्प्रिंगबॉक नऊ मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय तो सरळ पळत नाही. मध्येच वळतो, मध्येच उडी घेतो. नऊ मीटर पुढच्या मोकळ्या हवेत गोळी झाडून ती पंजाएवढ्या जागी लागेल असं मानणारा माणूस शिकारी नसून जुगारी आहे, आणि डावावर पैसा जनावराचा आहे. आमच्या फार्मवर पळत्या जनावरावर गोळी झाडली की त्या दिवसापुरती बंदूक काढून घेतात. हा नियम कागदावर नाही, पण त्यावर कुणी वादही घालत नाही.

उजाडायच्या सुमाराला निघायचं. सूर्य टेकडीवर येईपर्यंत दुर्बीण डोळ्यांना लावून बसायचं. सवय नसलेल्या डोळ्यांना पहिला तासभर काहीही दिसत नाही, आणि मग एकदम दिसू लागतं. दालचिनी रंगाची पाठ, कुशीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पांढरं पोट. त्या पट्ट्यामुळे जनावर दोन तुकड्यांत विभागल्यासारखं होतं आणि झुडपांत हरवतं. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, म्हणून घाईत ओळख पटत नाही. नराची बुडाशी जाड, कडीदार, टोकाला आत वळलेली. मादीची बारीक, सरळसोट. एकटा उभा असलेला नर आपला इलाखा धरून असतो आणि फार लांब जात नाही. नवख्याला ओम बहुधा असाच एकटा नर दाखवतो, कारण कळप म्हणजे डोळेच डोळे. पन्नास जनावरांतली दहा-बारा कुठल्याही क्षणी मान वर करून असतात. तुम्हाला ज्याने पाहिलं तो तुम्ही हेरलेला नसतोच. कडेला निवांत चरणारी कुठली तरी म्हातारी मादी असते.

वारा तोंडावर घेत, उतारांचा आडोसा धरत जायचं. सहाशे मीटरपर्यंत वाकून चालता येतं, चारशेपर्यंत गुडघ्यांवर, त्यापुढे पोटावर. कोपरांवर भार देऊन बंदूक पुढे सरकवायची, मग स्वतः सरकायचं. इथे माझी गाठ जुन्या ओळखीच्या शत्रूशी पडली: सराटे. आमच्या गावच्या बांधावर अनवाणी पायांत घुसणारे तेच ते तिकाटी काटे. कारूत ते तळहातात आणि गुडघ्यात घुसतात. वनस्पतीही तीच. सहकारी आफ्रिकान्समध्ये त्यांना शिव्या घालत होता, मी मराठीत. म्हाताऱ्या ओमने दोघांना गप्प बसायची खूण केली.

या सरपटण्यात माणसाचं काय होतं ते सांगायला हवं, कारण शिकारीचा हाच भाग मला पुन्हा पुन्हा तिकडे नेतो. पहिली दहा मिनिटं डोक्यात ऑफिस असतं. मग कोपरं दुखतात. मग एकेका झुडपाचा हिशोब सुरू होतो: हे ओलांडलं तर पुढचं किती लांब, त्याच्या मागे डोकं मावेल का. नाकाशी जमीन असते, झुडपांचा कडसर औषधी वास येतो, एक मुंगी बंदुकीच्या नळीवरून चालत जाते आणि तिला फुंकर मारायचीही सोय नसते. समोर मान वर झाली की आपण थिजायचं, हात हवेत असला तर हवेतच. ती मान खाली जाईपर्यंत कधी मिनिट जातं, कधी दहा. घड्याळ बघता येत नाही. जनावर आपल्याला शोधत नसतं, ते फक्त खात्री करत असतं, आणि ती खात्री त्याला द्यायची की इथे काही नाही. अर्धा दिवस स्वतःला 'काही नाही' करण्यात घालवणं हा अनुभव मला दुसरीकडे कुठेच मिळालेला नाही.

आणि बहुतेक वेळा हे सगळं वाया जातं. वारा फिरतो, किंवा वाटेत दबून बसलेला एखादा पक्षी आरडत उडतो. मग कळप आपल्याला तो प्रसिद्ध खेळ दाखवतो. पाठीची कमान, चारही पाय ताठ, मान खाली, आणि जनावर जागच्या जागी दोन-दोन मीटर उंच उसळतं. पाठीवरची एरवी मिटलेली त्वचेची घडी उघडते आणि आतले लांब पांढरेशुभ्र केस ताठ उभे राहतात. एक उसळलं की दुसरं, मग दहा, मग सगळा माळ. जीव वाचवायचा तर सरळ पळायचं सोडून या उड्या कशाला? टांझानियात क्लेअर फिट्झगिबन आणि जॉन फॅनशॉ यांनी याच्या चुलत भावंडावर, टॉमसन्स गॅझेलवर, केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. रानकुत्रे कळपातून ज्या गॅझेल निवडून पाठलाग करत, त्या कमी उसळणाऱ्या असत. म्हणजे उडी ही शिकाऱ्याला उद्देशून असते: माझ्यात दम आहे, माझ्यामागे लागून स्वतःचा वेळ घालवू नकोस. पोटावर पडून तो निरोप वाचताना मला दरवेळी वाटतं की पत्ता बरोबर आहे. उसळून झालं की ते निघतात, आणि तेव्हा ते ८८ किलोमीटर दिसतात. उठायचं, सराटे काढायचे, थर्मासमधली कॉफी प्यायची.

काही फार्मवर दुसरी पद्धत असते. शिकाऱ्यांना माळावर लांब लांब दगडांच्या आडोशाला बसवतात आणि बकी मोठा वळसा घेऊन कळपांना हळूहळू इकडून तिकडे हलवते. स्प्रिंगबॉक कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून किंवा तारांतून घुसतो, त्यामुळे त्याच्या ये-जा करण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. यात जनावरं जास्त मिळतात, चालणं कमी. मला ही पद्धत आवडत नाही. आडोशाला बसून गारठायचं आणि दुसऱ्याने आणून दिलेल्या कळपावर नेम धरायचा, यात शिकारीपेक्षा खाटीकखाना जास्त. अर्थात मांसाचा व्यवसाय करणारे तर रात्री प्रकाशझोतात, डोक्यात गोळी घालून शेकडो जनावरं काढतात, आणि जनावराच्या बाजूने पाहिलं तर तोच मृत्यू सर्वांत सोपा. हे मान्य करूनही मला पोटावरचीच शिकार आवडते. आवडीला दरवेळी युक्तिवाद नसतो.

समजा, सगळं जुळून आलं. अडीचशे मीटर, आडवं उभं जनावर. आता त्याच्या मागे दुसरं आहे का ते बघायचं, कारण गोळी आरपार जाते. मागचं बाजूला होईपर्यंत थांबायचं. तोवर पुढचं वळतं. पुन्हा थांबायचं. खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. श्वास सोडायचा. बंदुकीच्या आवाजानंतर जवळपास एका सेकंदाने लांबून एक दबका, ओला ठोका परत येतो. तो ऐकला की गोळी लागली. जनावर तरीही पन्नास-साठ मीटर पळू शकतं. आपण हलायचं नाही. जखमी जनावर पाठलाग झाला नाही तर जवळच बसतं; पाठलाग केला तर मैलभर जातं.

ठोका चुकीचा वाटला तर म्हातारा ओम पुढे होतो. एकदा सहकाऱ्याची गोळी वाऱ्याने मागे नेली होती. तो म्हातारा जिथे जनावर उभं होतं त्या जागी बराच वेळ उकिडवा बसला, मग काडीने एक पान उलटं केलं. पानावर डाळीच्या दाण्याएवढा हिरवट ओलावा होता. पोटात लागलंय, तो म्हणाला, आणि पुढचे दोन-अडीच तास शेकडो खुरांच्या ठशांमधून एकच ठसा धरून चालत राहिला. बरोबर फार्मवरचं छोटं जॅक रसेल कुत्रं होतं, शेवटी झुडपातलं जनावर त्यानेच दाखवलं. इथे नियम असा की रक्त सांडलं की पैसे द्यायचे, जनावर मिळो न मिळो. चांगला नियम आहे. त्याने बोट ट्रिगरवर जरा जड होतं.

जनावर पडल्यावर जे दिसतं त्याची कल्पना आधी कुणी दिली नसेल तर माणूस गांगरतो. प्राण गेल्यावर काही क्षणांनी ती पाठीवरची घडी आपोआप उघडते आणि पांढरे केस पिसाऱ्यासारखे उभे राहतात. म्हाताऱ्या ओमने माझं डोकं धरून जवळजवळ त्यांत खुपसलं. वास गोड येतो. रक्ताचा नाही, जनावराचा नाही. गुऱ्हाळात काकवी उकळत असताना येतो तसा दाट, गरम, गोड. दोन-तीन मिनिटांत वास विरतो, केस हळूहळू मिटतात. आपण केलेल्या कृत्याचा असा वास यावा याने मी अस्वस्थ झालो होतो आणि अजूनही होतो. ती अस्वस्थता गेली तर मी जाणं बंद करेन, असं मी सहकाऱ्याला म्हणालो. तो म्हणाला, आजोबाही हेच म्हणायचे आणि ऐंशीव्या वर्षापर्यंत जात होते.

या माळावर एके काळी एवढे स्प्रिंगबॉक होते की हिशोब करणं लोकांनी सोडून दिलं होतं. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ पडला की लाखांच्या संख्येने ते कारूतून सरकायचे. गावातून कळप जायला दिवसच्या दिवस लागायचे, वाटेतली मेंढरंही त्या लोंढ्यात ओढली जायची. शेवटचं मोठं स्थलांतर १८९६ च्या सुमाराचं. मग तारेची कुंपणं, लांब पल्ल्याच्या बंदुका आणि त्याच वर्षांतली बुळकांडीची साथ यांनी ते संपलं. आज त्याचं चित्र राष्ट्रीय रग्बी संघाच्या जर्सीवर आहे. संघाला त्याचं नाव १९०६ च्या दौऱ्यापासून, आणि चार विश्वचषक त्या नावावर जमा. शनिवारी सामना असेल तर आमच्या फार्मवर शिकार दुपारी दोनलाच बंद होते.

वेगाला वेगानेच गाठायची तऱ्हाही माणसाने करून पाहिली आहे, आणि ती आपल्या घरची आहे. कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते होते, त्यांना शिकवणारे चित्तेवान होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा. बैलगाडीला हरणं बिचकत नाहीत. मग टोपी काढायची. पुढचं सगळं काही शे मीटरमध्ये संपायचं, एक तर धरलं नाही तर चित्ता दमून खाली बसला. धरलं तर चित्तेवान लाकडी पळीत रक्त घेऊन चित्त्याला ते चाटवायचा आणि त्याच्या जबड्यातून शिकार सोडवायचा. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरच्या संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवले. पुढे १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला गेले, तेव्हा ओमने मला मुद्दाम फोन करून विचारलं होतं, "तुमच्याकडे त्यांना खायला काय आहे?" चितळ, म्हटलं. त्यावर त्याने बराच वेळ चितळाचं वजन, उंची, पळ यांची चौकशी केली.

तिसरी तऱ्हा कलहारी वाळवंटातली. तिथले सान आदिवासी शिकारी भर उन्हात, चाळीस अंशांच्या आसपास, कुडूसारख्या मोठ्या हरणाच्या मागे धावत राहतात. लुई लीबेनबर्ग यांनी अशा शिकारींची प्रत्यक्ष नोंद केली आहे. तीस-तीस किलोमीटर, तासन्‌तास चालणारा पाठलाग. हरीण वेगाने पुढे जातं, सावलीत थांबतं, माणूस माग काढत पोचतो, पुन्हा पळ. माणसाला घाम येतो, त्याचं शरीर थंड राहतं. हरणाचं अंग तापत जातं आणि शेवटी ते उभंच राहतं. तिथेही शेवटी भाला मारायचा तो थांबलेल्या जनावरालाच.

शिंगं मोजून भिंतीवर लावणाऱ्यांबद्दल मला फारसं बोलायचं नाही. परदेशातून येऊन, हसत, मेलेल्या जनावराची मान वळवून फोटो काढणारी मंडळी मी पाहिली आहेत. कायद्याने त्यांचं काही चुकत नाही, त्यांच्या पैशावर कित्येक फार्म चालतात. माझ्या ओमला ती चालतात पण जेवायला तो त्यांच्या टेबलावर बसत नाही. आमच्या टोळीत जो मारतो तोच फाडतो. आतडी काढणं, कातडं सोलणं, धड कोल्ड रूममध्ये टांगणं, सगळं. साधारण वीस किलोचं धड निघतं. पहिल्यांदा हात आत घातला की त्या थंडीत एकदम ऊब लागते. त्या वेळी मागे फिरावंसं वाटलं तर फिरावं. कुणी हसत नाही.

मांसाचं मग बिल्टॉंग. धाग्याच्या दिशेने बोटभर जाडीच्या पट्ट्या, व्हिनेगर, मीठ, मिरी, थोडी साखर आणि भाजून जाडसर भरडलेले धणे. एक रात्र मुरवून पट्ट्या आकड्यांना टांगायच्या आणि हिवाळ्याच्या हवेत आठवडाभर वाळू द्यायच्या. वजन निम्म्यावर येतं. आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापूरकडे मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवून चान्या करतात, त्या खाल्लेल्या माणसाला बिल्टॉंगची ओळख करून द्यावी लागत नाही. भारतात न्यायच्या भानगडीत मात्र पडू नका, मांसाचा पदार्थ परवान्याशिवाय विमानतळावर अडतो. माझ्या आत्याला त्यामुळे आजवर एक तुकडा चाखायला मिळालेला नाही. फोनवर ती दरवेळी कृती पहिल्यापासून सांगायला लावते, आणि धणे भाजून घालायचे म्हटलं की तिथेच थांबवते: "मग त्यात तुमच्या आफ्रिकेचं काय रे?"